हातगुण नव्हे, हवागुण!

आमच्या घरात आजवर सहा फर्न वारले. ‘वारले’ हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. एरवी झाड जळतं, वाळतं, फार तर ‘गेलं’ म्हणतात. फर्न तसा एकदम जात नाही. तो आधी पंधरा दिवस अंथरूण धरतो, घरातल्या सगळ्यांना सेवेला लावतो, येणाऱ्याजाणाऱ्याला समाचाराला बोलावतो, आणि मग ऐन आंब्याच्या दिवसांत, पाहुणे यायच्या आदल्या रात्री मान टाकतो. मागे उरते ती एक रिकामी कुंडी आणि कुंडीहून जड असं एक वाक्य :

‘‘वहिनी, तुमच्या हाताला लागत नाही हो!’’

माझं भांडण आहे ते ह्या वाक्याशी. फर्नशी माझं काही वाकडं नाही. त्याचं घराणं पस्तीस-छत्तीस कोटी वर्षांचं. डायनॉसोर त्याच्यानंतर आले आणि त्याच्या डोळ्यांदेखत गेले. इतकी वर्षं जो कुणाच्याही हातावाचून जगला, तो आमच्या हॉलमध्ये येऊन तीन महिन्यांत आमच्या हिच्या हातामुळे मरतो, हे मला पटत नाही. पटत नाही म्हणजे आता पटत नाही. पूर्वी पटत असे. त्याचीच ही कबुली आहे, पण ती शेवटी. आधी भांडण.

आमचे सहाही फर्न जानेवारीत आले. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. ते पाहून आलेल्या माणसाचं डोकं आठ दिवस ठिकाणावर नसतं. गुलाबाशी आपलं जमणार नाही, ऑर्किड परवडणार नाही, मग सोपं काय? फर्न! फूल नाही, फळ नाही, छाटणी नाही, नुसतं हिरवंगार. परतीच्या वाटेवर आपली रिक्षा कुठल्या तरी नर्सरीपाशी थांबतेच.

नर्सरीतली फर्नची जागा तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? वर हिरवी जाळी. जाळीखाली धुक्यासारखा पाण्याचा बारीक फवारा. खाली चिखल. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि सदरा पाठीला चिकटतो. अशा हवेत उभं राहून आपण ते झाड पसंत करतो. नर्सरीवाला म्हणतो, ‘‘साहेब, ह्याला काही करावं लागत नाही. एक दिवसाआड पाणी द्या, बास.’’ तो खोटं बोलत नाही. त्याला तिथं खरंच काही करावं लागत नाही. पण आपण झाड तेवढं रिक्षात घालून आणतो आणि हवा तिथंच ठेवून येतो. मासळीबाजारातून जिवंत मासा पसंत करून आणावा आणि पाणी कोळणीकडेच ठेवावं, तसा हा व्यवहार. मग मासा तडफडला की म्हणायचं, ‘‘आमच्याकडे मासे लागत नाहीत.’’

घरी आल्यावर त्याची स्थापना होते ती हॉलमध्ये. कारण खर्च केलेली वस्तू पाहुण्यांना दिसली पाहिजे, हा मध्यमवर्गीय संसाराचा पहिला नियम. वर पंखा, शेजारी टीव्ही, समोर एसी. बाजारात सगळीकडे मिळतो तो बॉस्टन फर्न. १८९४ च्या सुमारास फिलाडेल्फियाहून बॉस्टनकडे गेलेल्या झाडांच्या एका खेपेत तो निराळा उठून दिसला. त्याची पानं ताठ उभी न राहता झऱ्यासारखी खाली झुकत होती. ते झुकणं पाहून अमेरिकेतले दिवाणखाने वेडे झाले, आणि त्याच झुकण्यापायी आम्हीही फसलो. फेब्रुवारीत तो झुकतो. मार्चमध्ये कोमेजतो. आणि एप्रिल लागला की त्याची बारीक बारीक पानं गळायला लागतात. पोह्यांची पिशवी फुटावी तशी. आमच्याकडे केर काढायला येणाऱ्या मावशींनी चौथ्या फर्नच्या वेळी निर्वाणीचं सांगितलं होतं, ‘‘ताई, एक तर हे झाड ठेवा, नाही तर मला.’’ आम्ही मावशींना ठेवलं.

आता समाचाराला येणाऱ्यांकडे वळू. ह्यांचे चार पंथ आहेत.

पहिला पंथ प्रेमवाल्यांचा. ‘‘झाडांशी बोलता का तुम्ही?’’ हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की ते अशा नजरेनं बघतात, जणू आम्ही म्हाताऱ्या आईला वृद्धाश्रमात टाकून सिनेमाला निघालो आहोत. मग जगदीशचंद्र बोसांचं नाव येतं. बोसांनी वनस्पती बाहेरच्या गोष्टींना प्रतिसाद देतात हे नाजूक यंत्रांनी दाखवलं, आणि ते काम फार मोठं होतं. पण झाडाला मराठी कळतं, त्यातही सदाशिवपेठी मराठी कळतं, असं त्यांनी कुठं म्हटल्याचं मला आठवत नाही. १९७३ साली टॉम्पकिन्स आणि बर्ड ह्या दोघांचं झाडांच्या गुप्त आयुष्यावरचं एक इंग्रजी पुस्तक आलं आणि झाडांपुढे गाणी लावायची साथच पसरली. आमच्या तिसऱ्या फर्नला आम्ही सकाळी भूपाळ्या ऐकवल्या. तो नवव्या दिवशी गेला. निदान शेवटी त्याच्या कानांवर देवाचं नाव पडलं, एवढंच समाधान.

दुसरा पंथ पाणीवाल्यांचा. ‘‘तहानलाय हो तो!’’ म्हणत हे आल्या आल्या हातातला पेला कुंडीत रिकामा करतात. ह्यांना मी सांगून दमलो की, तहान आणि कोरडी हवा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फर्नला मुळाशी ओल लागते, पण चिखल चालत नाही. कुंडीत पाणी साचलं की मुळांना श्वास घेता येत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग वर पान सुकतं. पान सुकलं म्हणून आपण आणखी पाणी घालतो. म्हणजे झाड बुडून मरत असतं आणि आपण त्याला पाणी पाजत असतो. आमचा दुसरा फर्न असा गेला. घरातले आम्ही चौघे त्याला आळीपाळीनं पाणी घालत होतो, आणि ते चौघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तिसरा पंथ फवारावाल्यांचा. ह्यांच्या हातात इस्त्रीवाल्याकडे असते तसली बाटली. दिवसातून दोनदा फुस्‌ फुस्‌. दिसायला हा उपचार फार सुंदर. पानांवर मोती चमकतात. पण पुण्याच्या एप्रिलमध्ये ते मोती किती वेळ टिकतात, ते मी घड्याळ लावून पाहिलं आहे. पंखा चालू असला तर चहा गाळून होईपर्यंतही नाही. हवेत दमटपणा हवा तो चोवीस तास. दोनदा फुस्‌ करून तो येत नाही. घामाघूम माणसाला सकाळ-संध्याकाळ एकेकदा पंख्याचा वारा घातल्यासारखं आहे हे.

चौथा पंथ सर्वांत नवा आणि सर्वांत सुशिक्षित. ह्यांचं म्हणणं, फर्न हवा शुद्ध करतो. ‘‘नासानं सांगितलंय.’’ नासाचं नाव घेतलं की आपल्याकडे पुढचा वाद बंद. आता नासाच्या अभ्यासात १९८९ साली झाडं तपासली गेली ती छोट्या, हवाबंद पेट्यांत. पुढे २०१९ साली दोघा संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशोब मांडला, तेव्हा निघालं ते असं की, खिडक्या-दारांतून हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे दहापासून हजारापर्यंत झाडं ठेवावी लागतील. म्हणजे आमच्या हॉलची हवा शुद्ध होईल, पण ती घ्यायला आम्हांला जिन्यात बसावं लागेल. आणि मूळ गंमत पुढेच आहे. फर्न आपली हवा सुधारतो की नाही, ह्यावर ही मंडळी तासभर बोलतात. आपली हवा फर्नला बिघडवते आहे, हे एकाच्याही डोक्यात येत नाही.

आणि ह्या चारी पंथांचं एकमत कशावर? झाड मेल्यावर चौघंही एकच निदान करतात. हात!

हातगुण हा पायगुणाचा सख्खा भाऊ. नवी सून घरात आली आणि त्या वर्षी म्हैस आटली, की तो तिचा पायगुण. म्हशीला विचारायचं नाही. तसंच हे. आणि ह्या सिद्धान्ताची खुबी अशी की, तो कधी हरत नाही. झाड जगलं, तर हात चांगला. मेलं, तर हात वाईट. एकाच बाईनं लावलेली दोन झाडं, एक जगलं आणि एक मेलं, तर? ‘‘एखादं चुकून जगतं हो!’’ झालं. आणि एक बारकाई बघा. पुरुषाच्या हाताबद्दल हे फारसं कुणी बोलत नाही. आमच्या सहा फर्नपैकी तीन मी मारले आहेत. त्याला सगळे म्हणाले, ‘‘ह्यांना वेळ कुठे होतो!’’ हिनं एक मारला, तर हात.

गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी हवेतला दमटपणा मोजायचं एक यंत्र आणलं. काडेपेटीहून थोडं मोठं, खेळण्यासारखं. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता हॉलमध्ये ठेवलं. आकडा आला १९ टक्के. फर्नला निदान पन्नासच्या वर हवेत. मग मी ते खोलीखोलीतून हिंडवलं. स्वयंपाकघर, कुकर लागलेला असताना, ४१. बाथरूम, चौघांच्या आंघोळी झाल्यावर, ७८. मी ते यंत्र हातात घेऊन टॉवेलवरच उभा राहिलो. वीस वर्षं ज्याला आम्ही ‘हात’ म्हणत होतो, तो हा होता. एकोणीस!

ही गोष्ट मला काही पहिल्यांदा सुचलेली नाही. लंडनमध्ये वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. शहराच्या पूर्व भागात, कारखान्यांच्या धुरात राहायचे. त्यांना फर्नचा शौक. परसातल्या भिंतीवर लावून लावून थकले. धुरानं एकही टिकेना. १८२९ साली त्यांनी एका बाटलीत ओली माती घालून त्यात एका पतंगाचा कोश ठेवला आणि बाटली झाकली. पतंगाचं काय होतं, ते बघायचं होतं. काही दिवसांनी बघतात तर मातीतून एक फर्न आणि एक गवताची काडी वर आलेली. दिवसा बाटलीतली ओल वाफ होऊन काचेवर जमायची आणि पुन्हा मातीत उतरायची. पाणी तेच, हवा तीच. बाहेर लंडनचा धूर, आत श्रावण. ती दोन झाडं त्या बाटलीत सुमारे चार वर्षं जगली.

आता विचार करा, वॉर्डसाहेब सदाशिव पेठेत असते, तर? भिंतीवरचे फर्न मेल्यावर चार जण येऊन म्हणाले असते, ‘‘डॉक्टर, तुमच्या हाताला लागत नाही.’’ डॉक्टरला तर हातगुण फारच जपावा लागतो. त्यांनी घाबरून नाद सोडला असता. पण त्यांनी हाताकडे पाहिलं नाही, हवेकडे पाहिलं. १८४२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे विलायतेतल्या घराघरांत काचेच्या पेट्या आल्या. तसल्याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्युन ह्या माणसानं चीनमधून चहाची हजारो रोपं हिंदुस्थानात, हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांपर्यंत जिवंत आणली. म्हणजे ज्या चहाचे घोट घेत लोक आमच्या फर्नच्या मरणाची चर्चा करतात, त्या चहाचा एक धागा फर्नच्याच बाटलीपर्यंत पोचतो. कपाकडे बघून तरी जरा बोलावं.

बरं, फर्न ठणठणीत असला तरी आम्ही त्याला सुखानं जगू देतो का? आमच्या पाचव्या फर्ननं एका जुलैत बाळसं धरलं. एक दिवस पानांच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसले. एका ओळीत, मोजून लावल्यासारखे. घरात हलकल्लोळ! कीड लागली! वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी कडुनिंबाचं तेल पाठवलं. मी आणि ही, दोघांनी मिळून एक रविवार घालवून, जुन्या टूथब्रशनं एकेका पानाचे ठिपके खरवडून काढले. पान न पान स्वच्छ केलं. शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक संध्याकाळी सहज आले. त्यांनी पान उलटं केलं, आमच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, ‘‘अहो, ही त्याची मुलंबाळं होती.’’

फर्नला फूल येत नाही, फळ धरत नाही, बी पडत नाही. पानाच्या पाठीवरच्या त्या ठिपक्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. ते ओल्या जागी पडले की त्यांतून नखाहूनही लहान, बदामाच्या आकाराचा एक हिरवा पापुद्रा उगवतो, आणि त्यावर पाण्याचा थेंब असेल तरच पुढचा फर्न जन्माला येतो. थेंब नाही, तर वंश नाही. ही भानगड १८५१ साली हॉफमायस्टर ह्या जर्मन माणसानं उलगडून दाखवली. त्याआधी युरोपातल्या लोकांना वाटायचं, की झाड आहे म्हणजे बी असणारच. दिसत नाही, म्हणजे ते अदृश्य असणार, आणि ज्याच्याजवळ ते असेल तो माणूसही अदृश्य होणार! शेक्सपिअरच्या नाटकातले चोरसुद्धा ह्या बियांच्या भरवशावर आहेत. हसू येतं खरं. पण दिसत नाही ते नाहीच, असं तरी ते म्हणाले नाहीत. आमच्या वाड्यात ते म्हणत.

इथं मला माझ्या धाकट्या काकूबद्दल सांगायला हवं.

आमचा वाडा पेठेतला. मागच्या बाजूला मोरी, मोरीत तांब्याचा बंब. पहाटे पाचला काका बंब पेटवायचे, आणि सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत तिथं वाफ कोंडलेली असायची. अंगणात तुळशीवृंदावन होतं, पण त्याच्यावर माडीचा सज्जा पुढे आलेला. तुळस काही धरायची नाही. दर वर्षी नवी लावायची, दर वर्षी जायची. लावायचं काम काकूचं, कारण घरात सर्वांत धाकटी तीच. आणि तुळस गेली की आजी म्हणायची, ‘‘हिच्या हाताला काही लागत नाही.’’

काकूला मूल नव्हतं. आजीचं ते वाक्य तुळशीबद्दल असायचं आणि तुळशीबद्दल नसायचंही. ते आम्हां पोरांनाही कळायचं, इतकं ते उघड होतं. पुढे पुढे काकूला कुणी बी पेरायला देईना. शेजारणी मोगऱ्याची फांदी दुसरीच्या हातात द्यायच्या. लोणच्याच्या बरणीलासुद्धा तिनं आपण होऊनच हात लावायचं सोडलं होतं.

पण मोरीच्या मागच्या भिंतीत, दगडांच्या सांध्यांत, हंसराज उगवायचा. काळ्या तारेसारखे दांडे आणि त्यांवर नाजूक हिरवी पानं. हादेखील फर्नच, विहिरींच्या कडांना दिसतो तो. काकू रोज सगळ्यांच्या मागून आंघोळीला जायची, आणि निघताना त्या भिंतीवर तांब्याभर पाणी शिंपडायची. उन्हाळ्यात तो वाळून गेला, तरी ती वाळलेले दांडे काढायची आणि पाणी घालत राहायची. पावसाच्या तोंडाला तो पुन्हा उगवायचा. अख्खी भिंत झाकली होती त्यानं. एकदा मी आजीला म्हटलं, ‘‘पण काकूचा हंसराज बघ की, केवढा झालाय!’’ आजी म्हणाली, ‘‘त्याला काय झाड म्हणायचं? फूल ना फळ.’’

काकू तिथंच भांडी विसळत होती. ती काही बोलली नाही. तिनं विसळलेला तांब्या पुन्हा विसळला.

आज मला ठाऊक आहे की, तुळशीला ऊन लागतं आणि सज्ज्याच्या सावलीत ती कुणाच्याही हातानं जगली नसती. खुद्द आजीच्याही नाही. हंसराजाला सावली, वाफ आणि पाझरती भिंत लागते, आणि ते तिन्ही मोरीत होतं. म्हणजे अंगणात काकूचा हात वाईट नव्हता आणि मोरीत चांगला नव्हता. अंगणात सज्जा होता आणि मोरीत बंब होता. इतकं साधं होतं. पण हे सांगणारं त्या भरल्या वाड्यात कुणी नव्हतं. १९८४ साली वाडा पाडला. भिंतीबरोबर हंसराज गेला. काकू पुढं बरीच वर्षं होती, भावाच्या ब्लॉकमध्ये. गॅलरी होती, पण तिच्या गॅलरीत मी कधी कुंडी पाहिली नाही.

आणि आता ती कबुली. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला मी, आमचा चौथा फर्न गेला तेव्हा, चार पाहुण्यांदेखत, हसत हसत हिला म्हणालो होतो, ‘‘सोड गं, तुझ्या हाताला लागत नाही.’’ पाहुणे हसले. हीही हसली. रात्री जेवण झाल्यावर तिनं ती रिकामी कुंडी उचलली आणि जिन्याखाली नेऊन ठेवली. दोन वर्षं ती झाडाचा विषय काढत नव्हती. हे वाक्य असं असतं. ते बोलायला बुद्धी लागत नाही, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, फर्नपेक्षाही चिवट. त्याला कुठलीही हवा चालते.

म्हणून माझं सांगणं एवढंच : झाड मेलं, तर माणसाकडे बोट दाखवायच्या आधी जागेकडे बघा. ऊन थेट येतं का? फर्न करपेल. उजेडच नाही? झुरेल. पंख्याचा, एसीचा झोत आहे? गळेल. कुंडीला खाली भोक आहे का? माती बोटाला ओलसर लागते का, की चिखल आहे? कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली आहे का? हे सात-आठ प्रश्न विचारून झाले आणि तरीही उत्तर मिळालं नाही, तर ‘मला माहीत नाही’ म्हणा. हे वाक्यही मराठीच आहे. आपण ते फार वापरत नाही, इतकंच.

आणि ज्यांना फर्न जगवायची एवढी यातायात नको असेल, त्यांनी तो आणू नये. त्यात कमीपणा नाही. महाबळेश्वरला पावसाळ्यात जावं. रस्त्याच्या कडेला, दरडींवर, कुणीही न लावलेले फर्न खाली झुकून उभे असतात. बघावं, आणि उपटून न आणता परत यावं. तिथल्या पावसाच्या मानानं पुण्यात फारच थोडा पाऊस पडतो. तो उपटून आणलेला फर्न डेक्कनपर्यंत पोचायच्या आधीच मनानं गेलेला असतो.

आमचा सातवा फर्न बाथरूममध्ये आहे. पूर्वेच्या खिडकीत, दुधी काचेपाशी. दोन वर्षं झाली. त्याला कुणी गाणी ऐकवत नाही. चौघांच्या आंघोळी होतात, गीझरच्या पाण्याची वाफ कोंडते, काचेवर जमते, ओघळते. वॉर्डसाहेबांची बाटलीच, फक्त आत अधूनमधून माणूस जातो. तो इतका माजला आहे, की दाढी करताना त्याची पानं माझ्या कानात जातात. पाहुण्यांना दाखवायचा, तर बाथरूमचं दार उघडून ‘या ना, आत या’ म्हणावं लागतं, एवढीच अडचण.

परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनी हात धुवायला आत गेल्या आणि आतूनच ओरडल्या, ‘‘अय्या! केवढा झालाय! वहिनी, तुमच्या हाताला मस्त लागलाय हो!’’

मी बाहेर वर्तमानपत्र वाचत होतो. आता काय करावं? निंदा होती तेव्हा सिद्धान्त खोटा, आणि कौतुक झालं की खरा, असं कसं चालेल? पण वीस वर्षांनी कुणी तरी हिच्या हाताला बरं म्हणत होतं. मी वर्तमानपत्र आणखी वर धरलं आणि गप्प बसलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही म्हणाली, ‘‘माझं कसलं काय! गीझर लागलाय त्याला.’’

एवढं एक वाक्य त्या वाड्यात कुणी तरी काकूच्या बाजूनं म्हणायला हवं होतं. गीझरऐवजी बंब म्हणायचं, इतकंच.